बातमीनंतर कोण जातं?

मैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात जयसिंगपूरला आपली बैठक झाली. त्या बैठकीला एक बाई पहिल्यांदाच आल्या होत्या. शिरोळ तालुक्यातल्याच एका गावच्या. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना अजून त्याच घरात राहायचंय. नवरा जाऊन दहा महिने झालेले. बैठकीचा विषय वेगळाच होता, भांगलणीच्या मजुरीचा. बाई सगळा वेळ भिंतीला टेकून गप्प बसल्या. चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही पेपरचं शिकवता न्हवं? मग एक सांगा. विधवेच्या बांगड्या फोडायचं आता बंद झालं म्हणून पेपरात आलतं. मग माझ्या कुणी फोडल्या?"

मी वीसेक वर्षं पत्रकारिता शिकवतेय. वर्गात कुणी असा प्रश्न विचारला असता तर मी फळ्यावर चार मुद्दे लिहिले असते. त्या दिवशी हातातला चहा गार होईपर्यंत मला काही सुचलं नाही.

कारण माझ्या कपाटात एक फाइल आहे. तिच्यावर लिहिलंय, 'हेरवाड, मे 2022'. त्या दिवसांतल्या वर्तमानपत्रांची कात्रणं मी त्यात नीट तारखेवार लावलेली आहेत. त्या फाइलीवर मी एक शोधनिबंध लिहिला, तो एका परिसंवादात वाचला, छापून आणला आणि त्याचे गुण माझ्या वार्षिक मूल्यमापनात जमा झाले. हेरवाड जयसिंगपूरहून एसटीने तासाभराच्या आत. निबंध लिहिताना मी तिथे एकदा जाऊन आले. त्यानंतर मात्र गेले नाही.

म्हणून या अंकाचं संपादकीय माध्यमं, राजकारण आणि विद्यापीठं या तिघांबद्दल आहे. आपण चळवळीतल्या बाया या तिघांवर पुष्कळ बोलतो, पण बहुतेक वेळा बाहेर उभं राहून. मी यातल्या एका घरात नोकरी करते, दुसऱ्या घरासाठी मुलंमुली तयार करते आणि तिसऱ्याला मत देते. म्हणून थोडं आतून लिहिते.

हेरवाडला काय झालं

ज्या मैत्रिणी दूरच्या जिल्ह्यांत आहेत त्यांच्यासाठी आधी हकिगत सांगते. हेरवाड हे कुरुंदवाडजवळचं गाव, आमच्याच शिरोळ तालुक्यातलं. 4 मे 2022 रोजी तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की, नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद, आणि तिला समारंभापासून लांब ठेवणंही बंद. ठराव मांडला एका बाईने, अनुमोदनही एका बाईनेच दिलं. दोनच दिवसांनी, 6 मेला, राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण होत होती. ठरावामागे त्या निमित्ताची प्रेरणा होती. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास खात्याने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्याचं आवाहन केलं.

हे लहान काम नव्हतं. ज्या विषयावर घरात कुणी तोंड उघडत नाही, तो ग्रामसभेच्या इतिवृत्तात आला, सहीशिक्क्यासह. मराठी, इंग्रजी, हिंदी, सगळ्या वर्तमानपत्रांनी तो उचलला, वाहिन्यांच्या गाड्या गावात आल्या. बातमी झाली नसती तर परिपत्रक निघालं नसतं आणि इतर गावांपर्यंत हेरवाडचं नावही पोचलं नसतं. तेव्हा माध्यमांना झोडपून मोकळं व्हायचा माझा विचार नाही. मी त्यांच्याच अन्नावर जगते.

पण त्या बाईंच्या प्रश्नानंतर मी फाइल पुन्हा काढली आणि या खेपेला निबंधासाठी वाचतो तशी वाचली नाही. आमच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतो ते सहा प्रश्न असतात: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं. कात्रणांत पहिल्या चारांची उत्तरं चोख आहेत. 'का'ला शाहू महाराजांचं नाव आहे. 'कसं' मात्र जवळजवळ नाही. मयताच्या दिवशी, रडारड चाललेली असताना, आधी कुणी पुढं होऊन सांगायचं की थांबा, बांगड्यांना हात लावू नका? सांगितलं आणि ऐकलं नाही तर? बोलतात ते पदाधिकारी, मंत्री, अधिकारी आणि आमच्यासारखे अभ्यासक. काही बातम्यांत विधवा बायांचे शब्द आहेत, आणि ते सगळ्यांत चांगले आहेत. पण त्या बायांकडे सहा महिन्यांनी कुणी पुन्हा गेलं असं सांगणारं कात्रण माझ्या फाइलीत नाही. असेल कुठे तर मी जपून ठेवलं नाही, म्हणजे मलाही ते महत्त्वाचं वाटलं नाही.

बातमी परत का जात नाही

याचं कारण वार्ताहराचा आळस नाही. तालुक्याचा वार्ताहर कसा जगतो हे आपल्यापैकी अनेकींना ठाऊक नसतं. तो बहुधा पगारी नसतो. मानधन नाममात्र, खरं उत्पन्न जाहिरातीवरच्या कमिशनचं. नेत्याचा वाढदिवस, कारखान्याचा गळीत हंगाम, पतसंस्थेचा वर्धापनदिन, शाळेचा निकाल, या जाहिराती ज्यांच्याकडून यायच्या त्यांच्याच बातम्याही लिहायच्या. 2009 च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा गवगवा झाला, प्रेस कौन्सिलच्या दोघा सदस्यांच्या समितीने 2010 मध्ये सविस्तर अहवाल दिला, आणि कौन्सिलनेच तो आधी आखडून बाहेर आणला. पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला 2011 उजाडलं. पण ते मोठ्या पैशाचं झालं. तालुक्यात व्यवहार इतका उघड नसतो. तिथे कुणाला दुखवायचं नाही एवढंच पुरतं.

दुसरं असं की, वर्तमानपत्राला घटना लागते. ठराव ही घटना आहे. ठराव पाळला जाणं ही घटना नाही. आणि ठराव मोडणं तर घडतं घराच्या आत, चार बायांच्या गराड्यात. तिथे वार्ताहर नसतो, असूही नये. म्हणून बातमी ठरावापाशी थांबते आणि वाचणाऱ्याला वाटतं, चला, हे एक झालं. माझ्यासमोर उभ्या असलेल्या बाईला हेच सांगितलं गेलं होतं, की बंद झालंय. त्यामुळे तिच्यावर जे झालं ते आता रूढी म्हणूनही मोजलं जात नाही. ते तिचं एकटीचं नशीब होऊन बसलं.

तिसरं कारण आपल्या ओळखीचं आहे. लिहिणाऱ्यांत बाया किती? माझ्या वर्गात मुली असतात, चांगल्या लिहितात. त्यांतल्या बहुतेकींना पुढे जनसंपर्काची, अनुवादाची, निवेदनाची कामं मिळतात. तालुक्याला वार्ताहर म्हणून राहिलेल्या मुली हाताच्या बोटांवर मोजाव्यात. रात्री उशिरा पोलीस ठाण्यात जायचं, टपरीवर चहा पीत बातमी काढायची, हे घर मान्य करत नाही. जगभरच्या बातम्या एकाच दिवशी वाचून मोजणारा एक प्रकल्प 1995 पासून दर पाच वर्षांनी चालतो. 1995 मध्ये बातम्यांत दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या माणसांत बाया होत्या 17 टक्के. 2020 मध्ये 25 टक्के. पंचवीस वर्षांत आठ टक्क्यांची वाढ. या वेगाने निम्म्यावर यायला किती काळ लागेल याचा हिशेब तुम्हीच करा.

न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवला होता

बातमीदारीचं दुसरं रूपही आपल्याकडे होतं, ते विसरू नये. 'दीनबंधु' हे सत्यशोधकांचं पत्र कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये सुरू केलं. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवलं. हेच लोखंडे 1890 मध्ये मुंबईच्या न्हाव्यांना एकत्र आणण्यात पुढे होते. शेकडो न्हावी जमले आणि त्यांनी ठरवलं की, विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही. संपादक नुसता लिहून थांबला नाही. ज्याच्या हातात वस्तरा होता त्याच्याशी तो जाऊन बोलला.

आणि त्याच 'दीनबंधु'चं संपादन 1906 नंतर काही वर्षं तानूबाई बिर्जे यांनी केलं. पती वासुदेव बिर्जे वारल्यानंतर. म्हणजे ज्या काळात विधवेने कोपऱ्यात बसायचं, त्या काळात एक विधवा बाई पत्राचे अग्रलेख लिहीत होती. आमच्या अभ्यासक्रमात तानूबाईंना एक ओळ मिळते, 'पहिल्या महिला संपादक' एवढीच. त्यांनी काय लिहिलं हे त्या ओळीत नसतं. परीक्षेला तेवढी ओळ पुरते.

न्हाव्यांच्या त्या निर्धाराची आठवण मला दुसऱ्या कारणाने झाली. मी त्या बाईंना विचारलं, "कुणी फोडल्या मग?" त्या म्हणाल्या, "माझ्या चुलत जावेनं. तिच्याबी कुणीतरी फोडलेल्याच की." वस्तरा न्हाव्याच्या हातात होता, म्हणून न्हाव्याने नकार दिल्यावर काम अडलं. बांगड्या फोडणारा हात मात्र आपल्यातलाच असतो: जावेचा, नणंदेचा, शेजारणीचा, पुष्कळदा दुसऱ्या विधवेचा. तो हात थांबवायला ठराव हवाच, पण ठराव पुरत नाही. बातमीला खलनायक लागतो, आणि इथे खलनायिका म्हणून उभी करावी अशीही ती जाऊ नाही. हे गुंतागुंतीचं चित्र पाचशे शब्दांच्या बातमीत बसत नाही. बसत नाही म्हणून ते सोडून दिलं जातं, आणि बाईच्या वाट्याला येतो तो नेमका तोच भाग.

ठराव आणि उतारा

आता राजकारण. जयसिंगपूर हे शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेलं गाव, सरळ रस्त्यांचं, नंबरवार गल्ल्यांचं. त्यामुळे इथे शाहूंचं नाव प्रत्येक व्यासपीठावर घेतलं जातं. 1918 मध्ये त्यांचा धाकटा मुलगा शिकारीत अपघाताने गेला. सून इंदुमती तेव्हा कोवळ्या वयाची. महाराजांनी तिला शोकात कोंडून घातलं नाही, सोनतळीला सोबतीच्या मुलींबरोबर शिकायला बसवलं. घरच्यांचा विरोध झाला तरी. मला त्यातली गोष्ट महत्त्वाची वाटते ती ही की, महाराजांनी त्या मुलीच्या उद्याचा विचार केला. तिने कुंकू लावायचं की नाही याच्या पुढचा.

आपल्या ठरावांचं राजकारण तिथे कमी पडतं. बैठकीनंतर त्या बाई निघताना हळूच म्हणाल्या, "बांगड्या काय, उद्या भरीन म्हटलं तर भरता येतील. पण सासऱ्यानं स्टँपवर सही कर म्हणून सांगितलंय." नवऱ्याच्या नावावर वीस गुंठे आहेत. नावावरचं नाव कमी करायचंय आणि यांचं लागू द्यायचं नाही. हक्कसोडपत्र तयार आहे, फक्त सही बाकी.

1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलांइतकीच आणि सासूइतकीच. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा, फेरफार निघतो, नोटीस लागते, पंधरा दिवसांत हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. इतकं साधं. पण हे साधं काम कुठल्याही ठरावाच्या बातमीत नव्हतं. बांगड्यांचा फोटो निघतो, सातबाऱ्याचा फोटो कोण काढणार? आणि पुढाऱ्यांच्याही सोयीचं तेच असतं. कुंकवाच्या ठरावाने कुणाच्या बांधाला धक्का लागत नाही. उताऱ्यावर विधवेचं नाव चढवा असा ठराव मांडून बघा, मग ग्रामसभेत किती हात वर होतात ते कळेल.

असंही नाही की या भागाने बायांना राजकारणात पाहिलेलं नाही. तेव्हाच्या इचलकरंजी मतदारसंघातून, जो आता हातकणंगले म्हणून ओळखला जातो, निवेदिता माने 1999 आणि 2004 अशा दोन वेळा लोकसभेवर गेल्या. 2011 पासून राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा बायांना आहेत. पण स्थानिक पानावर अजून 'सरपंच पती' हे दोन शब्द पदासारखे छापून येतात. मी विद्यार्थ्यांना सांगते, असं कुठलंही पद घटनेत नाही, तुम्ही छापता म्हणून ते आहे.

जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावर दर हंगामाच्या तोंडावर ऊस परिषद भरते. शेतकऱ्याला दर मिळालाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. त्या दिवशी पहिल्या पानावर आकडा असतो: टनाला किती. लावण आणि भांगलण करणाऱ्या बाईची मजुरी किती, हा आकडा मात्र कुणी मागत नाही. आणि तोच ऊस तोडायला जी बाई बीडहून येते तिची बातमी 2019 साली झाली, गर्भाशय काढलेल्या बायांची. त्या बातमीचा पाठपुरावा झाला, म्हणून शासनाला समिती नेमावी लागली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोडणी कामगार बायांची पाहणी झाली, तेव्हा 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पत्रकार पुन्हा पुन्हा जातो तेव्हा काय होतं त्याचं हे उदाहरण. पण मोजणी झाली बीडला. ज्या फडात ती बाई सहा महिने कोयता चालवते, पोटात दुखत असताना मोळ्या वाहते, तो फड आमच्याकडे आहे. आमच्या तालुक्याच्या पानाला ती इथली वाटत नाही, कारण तिचं मत इथे नाही.

आमच्या घरातली गोष्ट

इतरांचं झालं, आता माझ्या घराचं. विद्यापीठातली विद्या आणि रस्त्यावरची चळवळ यांचं नातं एकेकाळी फार जवळचं होतं. मथुरा प्रकरण आठवा. 1972 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडून दिलं. बातमी होऊन गेली होती, निकालही लागला होता. वर्षभराने, सप्टेंबर 1979 मध्ये, कायद्याचे चार अध्यापक बसले आणि त्यांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. ते पत्र वर्तमानपत्रांतून फिरलं, हाती सापडलं त्या बायांनी गट केले, मोर्चे काढले, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. आपल्यापैकी अनेकींच्या संघटनांचा जन्म त्या पत्रातून झालाय. संपलेल्या बातमीकडे परत जाणाऱ्या चार मास्तरांचं ते काम.

1974 मध्ये एसएनडीटीत नीरा देसाईंनी स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं, तेही अशाच ओढीतून. नंतर पुण्याला शर्मिला रेगे यांनी दलित बायांच्या आत्मकथनांना वर्गात आणलं आणि वर्गाला वस्तीत नेलं. 2013 मध्ये त्या अकाली गेल्या. त्यांच्या विद्यार्थिनी आज गावोगावच्या महाविद्यालयांत शिकवतात.

पण त्या विद्यार्थिनी शिकवतात कशा? पुष्कळ जणी तासिका तत्त्वावर. जितके तास तितके पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. अशी बाई संस्थाचालकाच्या पक्षाविरुद्ध वर्गात काय बोलणार? आणि ज्या आम्ही कायम आहोत, त्या गुण मोजत बसतो. 2010 पासून अध्यापकांच्या लेखनाला गुण लावायची पद्धत आली. कुठे छापलं त्यावरून किंमत. नियम पुढे बदलत गेले, याद्या आल्या, याद्या गेल्या, गुणांची सवय मात्र हाडात मुरली. या त्रैमासिकात मी लिहिते त्याला शून्य गुण. त्या बाईला फेरफाराचा अर्ज भरायला मदत केली, त्यालाही शून्य. तिच्यावर इंग्रजीत निबंध लिहिला, तर गुण.

एका ठिकाणी मी हेरवाडवर निबंध वाचला तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, "तुमची सैद्धांतिक चौकट कुठली?" मी ती सांगितली. "तुम्ही पुन्हा कधी गेलात?" असं कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. वार्ताहराला निदान एवढं तरी म्हणता येतं की, संपादकाने पुन्हा पाठवलं नाही. मला कुणी अडवलं होतं?

म्हणून मी या तिघांत फार फरक करत नाही. पत्रकार बाईचा अनुभव बातमीसाठी नेतो, पुढारी ठरावासाठी नेतो, आम्ही निबंधासाठी नेतो. तिघांचा हेतू वाईट असतोच असं नाही. पण तिघंही घेऊन जातात आणि परत येत नाहीत. ज्या कामाला परत यायची सवय नाही ते काम बाईच्या बाजूचं आहे असं मी यापुढे म्हणणार नाही, मग त्यात कितीही चांगले शब्द असोत.

मग आपण काय करायचं?

आपल्यालाही ही सवय आहे का, हे आधी तपासू. आपणही मोर्चा काढतो, निवेदन देतो, फोटो छापून आणतो. निवेदनाचं पुढे काय झालं याची वही किती गटांकडे आहे? आमच्याकडे नव्हती. गेल्या बैठकीत आम्ही ती घातली. शंभर पानी साधी वही. तिचं काम असं ठरवलंय:

आपल्या तालुक्यातली बायांबद्दलची एक बातमी निवडायची. एकच, पण सोडायची नाही. कात्रण पहिल्या पानावर चिकटवायचं. तीन महिन्यांनी दोघींनी त्या गावी जायचं, पुन्हा वर्षाने जायचं. काय विचारायचं तेही ठरलंय. बातमीत जे झालं म्हणून लिहिलं होतं ते झालं का? बातमीत कोण बोललं, आणि कोण बोलायचं राहिलं? उताऱ्यावर, घराच्या नोंदीवर, रेशनकार्डावर, बँकेच्या खात्यावर बाईचं नाव आहे का? निराधार योजनेचा अर्ज कुठे अडला? आणि सगळ्यांत आधी, आम्ही आलो हे तिला चालणार आहे का? नको म्हणाली तर चहा पिऊन परत यायचं. नाव, गाव, फोटो तिच्या होकाराशिवाय वहीतही नाही.

मग ती वही घेऊन तालुक्याच्या वार्ताहराकडे जायचं. भांडायला नाही. त्यालाही बातमी हवी असते आणि फिरायला पेट्रोल नसतं. 'एक वर्षानंतर' अशी बातमी आपण त्याला आयती देऊ शकतो, तपासलेली. छापली तर छापली. नाही छापली तर हे त्रैमासिक आहेच. आणि ज्या मैत्रिणी महाविद्यालयांत आहेत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हेच काम द्यावं. मी यंदा दिलंय. मुलं कुरकुरली, पण गेली. एक मुलगा परत येऊन म्हणाला, "मॅडम, आमच्याच घरात आजीचं नाव उताऱ्यावर नाही." तो धडा मला कुठल्याही पुस्तकातून शिकवता आला नसता.

यात क्रांती नाही हे मला माहीत आहे. पण चळवळीचं बरंचसं काम असंच असतं, पुन्हा त्याच दारात जाऊन उभं राहायचं.

त्या बाईंचं सांगायचं राहिलं. सही त्यांनी अजून केलेली नाही. आमच्यातल्या दोघी त्यांच्याबरोबर तलाठ्याकडे गेल्या, अर्ज दिला, पोच घेतली. घरात अबोला आहे. सासऱ्यांनी हरकत घेतली आहे, आता सुनावणी होईल. मी फाइलीतली कात्रणं काढून नव्या वहीच्या पहिल्या पानांवर लावली आहेत आणि पुढच्या महिन्यात हेरवाडला जाणार आहे. चार वाक्यं लिहिण्यासारखं काही निघालं तर पुढच्या अंकात लिहीन. काही निघालं नाही तर तेही लिहीन.

सुनावणीच्या तारखेला त्या बाईंनी आम्हाला बोलावलंय. "या म्हणजे झालं," एवढंच म्हणाल्या.

तुमच्या तालुक्यातली कुठली बातमी तुम्ही निवडणार, ते जरूर कळवा. पत्रांची वाट पाहते.

तुमची,
संपादक मंडळासाठी